भेट देण्यासाठी लाकडी पेन लेथवर कसे कातावे

हाताने कातलेले पेन भेट मिळाले की माणूस आधी त्याचा आकार आणि लाकडातल्या रेषा पाहतो. मात्र ते पेन वर्षानुवर्षे वापरात राहील की काही महिन्यांतच टेबलाच्या खणात जाऊन पडेल, हे न दिसणाऱ्या भागात ठरते : लाकडातल्या भोकात, त्यात चिकटवलेल्या पितळी नळीत आणि काटकोनात घासलेल्या टोकांत. म्हणून पटाशी हातात घेण्यापूर्वीच्या कामाबद्दल येथे अधिक विस्ताराने लिहिले आहे.

पहिल्या पेनासाठी ७ मि.मी. नळीचा, पिळून उघडणाऱ्या सडपातळ बॉलपेनचा संच घ्यावा. त्यात दोन पितळी नळ्या, पुढचे टोक, पिळण्याची यंत्रणा, मधली कडी, क्लिप, मागचे टोपण आणि रिफिल असते. त्याच संचाच्या मापाची बुशिंग वेगळी घ्यावी लागतात. लाकूड कातत कोणत्या जाडीपर्यंत आणायचे, हे या धातूच्या कड्याच दाखवतात. लाकडाचा तुकडा साधारण १९ मि.मी. चौरस आणि १२५ ते १३० मि.मी. लांब असावा. शिसव, अक्रोड, मेपल, ऑलिव्ह अशी घट्ट बांध्याची लाकडे नवख्या हातालाही चांगली साथ देतात.

लाकूड मात्र पूर्ण वाळलेले हवे. सुरुवातीच्या काळात मी मोठ्या बहिणीला एक पेन करून दिले होते आणि दोन महिन्यांतच त्याला क्लिपच्या बाजूने केसाएवढी उभी चीर गेली. लाकूड वाळत गेले तसे ते आकसले, आतली पितळी नळी काही आकसली नाही, आणि त्या ताणाने लाकूड फाटले. तेव्हापासून मी प्रत्येक तुकडा आठवड्याच्या अंतराने तोलतो आणि लागोपाठ दोन-तीन वेळा वजन तेच भरले तरच वापरायला घेतो. ओलावा मोजण्याचे उपकरण असेल, तर दहा टक्क्यांच्या आतला तुकडा निवडावा.

तुकडा कापण्यापूर्वी त्याच्या एका बाजूवर पेन्सिलीने पूर्ण लांबीची तिरपी रेघ ओढावी. दोन भाग झाल्यावर कोणते टोक मध्यावर येते हे त्या रेघेवरून कळते आणि तयार पेनात लाकडाच्या रेषा एका भागातून दुसऱ्या भागात सलग वाहतात. प्रत्येक भाग नळीपेक्षा दोन-तीन मि.मी. लांब ठेवावा.

भोक पाडताना घाई अजिबात करू नये. तुकडा शिकंज्यात सरळ उभा धरावा, बिट धारदार असावे आणि दर सेंटिमीटरभर खोलीनंतर ते पूर्ण बाहेर काढून भुसा झटकावा. तो आत साठला की बिट तापते, भोक वाकडे जाते आणि लाकूड आतून तडकते. बिट दुसऱ्या बाजूने बाहेर पडते तेथे लाकडाचा कपचा उडण्याची भीती असते, म्हणून खाली टाकाऊ फळी घट्ट टेकवून शेवटचे काही मि.मी. अगदी हलक्या दाबाने पार करावेत.

नळीचा बाहेरचा गुळगुळीत पृष्ठभाग १५० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून घ्यावा, नाही तर गोंद पितळेला धरत नाही. गोंद आत जाऊ नये म्हणून नळीचे तोंड मेणाने बंद करावे. सुपर ग्लू झटपट धरतो हे खरे, पण कधी कधी नळी अर्ध्यावर असतानाच धरतो आणि तुकडा वाया जातो. म्हणून नवख्याने इपॉक्सीच (दोन भाग मिसळून लावायचा, सावकाश धरणारा गोंद) वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नळी गोल फिरवत, मागे-पुढे करत आत सरकवावी, म्हणजे गोंद सगळीकडे सारखा पसरतो. नंतर तुकडे रात्रभर ठेवून द्यावेत.

दुसऱ्या दिवशी नळीत बसणाऱ्या ट्रिमरने टोके काटकोनात घासावीत. पितळेची पूर्ण गोल कडी चमकली की त्याच क्षणी थांबावे. त्यापुढे घासल्यास नळीच आखूड होते आणि पेन बंद केल्यावरही रिफिलचे टोक बाहेर डोकावत राहते.

आता दोन्ही भाग बुशिंगसह मँड्रेलवर, म्हणजे लेथमध्ये बसणाऱ्या बारीक सळईवर, चढवावेत. नट बोटाने घट्ट होईल इतकाच आवळावा आणि टेलस्टॉकचाही (लेथच्या दुसऱ्या टोकाकडून सळईला आधार देणाऱ्या भागाचाही) दाब बेताचाच ठेवावा. जास्त दाबाने मँड्रेल किंचित वाकतो आणि पेन एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ उतरते. चेहऱ्यावर शील्ड, नाकावर मास्क, बाह्या दुमडलेल्या आणि हात मोकळे असावेत. फिरत्या लेथवर हातमोजे घालणे धोक्याचे आहे. शिसवाच्या जातीच्या लाकडांचा भुसा काहींच्या त्वचेला आणि श्वासाला बाधतो, हेही लक्षात ठेवावे.

लेथ चालू करण्यापूर्वी तुकडा हाताने एकदा फिरवून तो टूल रेस्टला, म्हणजे पटाशी टेकवण्याच्या आडव्या आधाराला, लागत नाही ना, हे पाहावे. चौकोनी तुकडा गोल होईपर्यंत वेग मिनिटाला सुमारे १५०० फेरे आणि पुढे २५०० च्या आसपास ठेवावा. गोल पटाशीची उतरण, म्हणजे धारेमागचा तिरपा भाग, आधी लाकडाला टेकवावी आणि मग मूठ हळूहळू वर उचलावी, म्हणजे धार आपोआप लाकडात उतरते. धार बरोबर लागली असेल तर लांब, कुरळ्या साली मनगटावरून घसरत जातात आणि खडखडाट जाऊन सलग सळसळ ऐकू येते. नुसती भुकटी उडू लागली की पटाशी पाजळायची वेळ झाली असे समजावे. आकार भेट घेणाऱ्याच्या बोटांचा विचार करून द्यावा. ज्याची बोटे दुखतात त्याला मधोमध थोडा फुगीर भाग धरायला सोयीचा जातो.

बुशिंगच्या मापापेक्षा लाकूड किंचित जाड असतानाच पटाशी थांबवावी आणि उरलेले काम पॉलिश पेपरवर सोडावे : १५०, २२०, ३२०, ४००, ६००. प्रत्येक नंबरानंतर लेथ बंद करून लाकडाच्या रेषांच्या दिशेने हाताने घासावे, म्हणजे गोल ओरखडे राहत नाहीत.

शेलॅकचे (लाखेचे) पॉलिश दोन मिनिटांत सुंदर झळकते, पण हाताच्या घामाने लवकर उतरते. रोजच्या वापरासाठी पातळ सुपर ग्लूचे सहा-सात हात अधिक टिकतात. ते कागदी रुमालानेच द्यावेत. सुती कापडावर हा गोंद एकदम तापतो, शिवाय कापड फिरत्या भागात अडकू शकते. खिडकी उघडी ठेवावी.

भाग दाबून बसवताना पिळण्याची यंत्रणा थोडी थोडी आत सरकवावी आणि दर वेळी रिफिल घालून टोक किती बाहेर येते ते पाहावे, कारण जास्त आत गेलेली यंत्रणा सहजासहजी बाहेर निघत नाही. शेवटी लाकूड आणि धातू मिळतात त्या सांध्यावरून नख फिरवावे. ते कोठेही अडता कामा नये. भेट देण्यापूर्वी दोन दिवस स्वतः त्या पेनाने लिहावे आणि डबीत त्याच मापाची एक जादा रिफिल व लाकडाचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. अशा पेनांत सहसा क्रॉस (पेन बनवणारी एक कंपनी) पद्धतीची रिफिल बसते. तेही चिठ्ठीत लिहिले म्हणजे शाई संपल्यावर शोधाशोध करावी लागत नाही.