मोठा मिररलेस घेऊ का खिशातला छोटा? स्वतः तुलना कशी करायची

"मामा, कुठला घेऊ सांग की, जो तो वेगळंच सांगालाय." भाचा महिनाभर मागं लागला होता. एकीकडे फुलफ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा; सेन्सर म्हणजे आतला उजेड टिपणारा तुकडा), आम्ही लग्नाच्या ऑर्डरी घेणारे वापरतो तसला, आणि दुसरीकडे एक इंच सेन्सरचा छोटा, पँटच्या खिशात बसणारा. माझ्याकडे दोन्ही आहेत, सोनीचा ए७ मार्क ४ पोटापाण्यासाठी आणि कॅननचा जी७एक्स मार्क ३ हौसेसाठी, तर मी दोन्ही त्याच्या हातात दिले आणि म्हटलं तूच बघ, कसं बघायचं ते मी सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडची पोरं हेच विचारतात म्हणून तेच सगळं इथं लिहून काढतोय, म्हणजे ज्याला पाहिजे त्याला एका जागी मिळेल.

पहिलं काम कॅमेऱ्याचं नाहीच. मोबाईल उघडा आणि गेल्या वर्षातले तुमचे आवडते शंभर फोटो बघत जा आणि वहीत नुसत्या रेघा ओढा: उजेडातला का अंधारातला, माणूस हलतंय का थांबलंय, जवळचं का लांबचं. दहा मिनिटांचं काम आहे पण इथंच अर्धा निकाल लागतो. भाच्याच्या वहीत उजेडातले ६८ निघाले आणि लांबचे फक्त ४, आणि हाच पोरगा दोनशे एमएमची झूम लेन्स पाहिजे म्हणून बसला होता.

आता सेन्सरचं गणित, एकदाच नीट समजून घ्या. फुलफ्रेम म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. "एक इंच" नुस्तं नावाला, तो खरा १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर असतो, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. सव्वासात-साडेसात पट फरक, स्टॉपच्या भाषेत जवळजवळ तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). म्हणजे साधारण एकाच काळातले सेन्सर असतील आणि दोन्हीकडे लेन्सचं छिद्र एफ २.८ च असेल (एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) तर छोट्याचा आयएसओ ४०० चा (आयएसओ म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करायची सेटिंग, वाढवली की दाणे वाढतात) फोटो मोठ्याच्या आयएसओ ३२०० सारखा दाणेदार दिसतो. इथपर्यंत सगळेच सांगतात आणि इथंच थांबतात, म्हणून लोक डोळे झाकून मोठा घेतात.

पण उजेड आत येतो तो लेन्समधून. जी७एक्सची लेन्स (फुलफ्रेमच्या हिशेबानं) २४ एमएमला एफ १.८ उघडते. तिला २.७ नं गुणा (दोन सेन्सरच्या लांबीतला फरक तेवढा आहे), येतं एफ ४.९. म्हणजे फुलफ्रेमवर एफ ४.९ ची लेन्स लावली तर जेवढा उजेड एकूण फोटोत जमा होईल आणि जेवढी पाठीमागची बाजू धूसर होईल तेवढंच हा छोटा करतो. आता मोठ्यावर बरेच जण काय लावतात? २४-१०५ एफ ४. एफ ४ आणि एफ ४.९ मधला फरक अर्ध्या स्टॉपच्या जरासा वर! एवढे पैसे घालून वाईड अँगलला तुम्हाला अर्धा स्टॉप मिळाला. पण झूम केलं की चित्र बदलतं, १०० एमएमला छोटा एफ २.८ वर येतो, गुणिले २.७ केलं की एफ ७.६, आणि मोठा तिथंही एफ ४ वरच, फरक जवळजवळ दोन स्टॉप. आणि मोठ्यावर ८५ एमएम एफ १.८ लावली तर चार स्टॉपच्या वर, म्हणजे सोळा पटीपेक्षा जास्त उजेड, तिथं छोट्यानं बरोबरी करायचा प्रश्नच येत नाही. म्हणून माझं म्हणणं एकच, बॉडी समोरासमोर ठेवून तुलना करू नका, बॉडी अधिक तुम्हाला खरोखर परवडणारी लेन्स अधिक तुम्ही जिथं फोटो काढणार ती जागा, अशी तिन्ही एकत्र धरून करा. किट लेन्सवर (बॉडीबरोबर येणाऱ्या साध्या लेन्सवर) अडकून पडणार असाल तर मोठ्या बॉडीचा बराचसा पैसा झोपून राहतो, मी हे लोकांच्या बॅगेत रोज बघतो आणि खरंच वाईट वाटतं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं.

कॅमेरे उसने मिळाले तर उत्तम, नाहीतर ओळखीच्या फोटोवाल्याला एक दिवस भाडं देऊन मागा. दोन्हीचा अँगल सारखा करून घ्या, दोन्हीकडे २४ म्हणजे २४ आणि ७० म्हणजे ७०, आणि रॉ (कॅमेऱ्यानं न रंगवलेली मूळ फाईल) आणि जेपेग दोन्ही चालू ठेवा. व्हाईट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणं फोटोचा रंग जुळवायची सेटिंग) ऑटोवर सोडू नका, दोन्हीकडे एकच ठेवा, नाहीतर तुम्ही रंगाला भुलून "हा चांगला" म्हणून बसाल.

पहिली परीक्षा घरात, रात्री, एका एलईडी बल्बखाली. आम्ही आईची इरकल पलंगावर पसरली, पदराची लाल बाजू वर आणि बाजूला काळं अंग, आणि मधोमध पितळी तांब्या. हे उगीच नाही निवडलं. इरकलीच्या अंगातल्या बारीक चौकटीत दाणा लगेच कळतो, काळ्या भागात सावलीतला कचरा कळतो, आणि पदराचा लाल हा कॅमेऱ्याला सगळ्यात अवघड रंग, लाल चॅनल आधी भरून जातो आणि सगळा पदर एकसारखा सपाट लाल डाग होतो, विणकाम गायब. दोन्ही कॅमेऱ्यांत तसंच झालं. मग एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली घेतलं आणि विणकाम परत आलं, दोन्हीकडं. फरक कुठं पडला तर नंतर काळ्या अंगात उजेड वाढवताना, मोठ्यात काळा काळाच राहिला आणि चौकटी उघडल्या, छोट्यात जांभळट ठिपके आले. लग्नाचं काम म्हणजे शालू, पैठणी आणि काळे कोट, त्यामुळं ही परीक्षा सोडू नका.

शटर १/१०० किंवा १/५० सेकंदाला ठेवा आपल्याकडं. आपली वीज ५० हर्ट्झची, बरेच साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, शटर भलतंच ठेवलं तर फोटोत पट्टे येतात आणि बिचारा कॅमेरा बदनाम होतो. आणि इलेक्ट्रॉनिक म्हणजे बिनआवाजाचं शटर असेल तर अशा दिव्यात ते बंद करा, मेकॅनिकल वापरा.

दुसरी परीक्षा अंधारात पण न हलणारी वस्तू. आम्ही बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत (जैन मंदिर) गेलो, १२०४ सालची, आतले खांब कातावर फिरवल्यासारखे गुळगुळीत आणि छताला ते दगडी कमळ. फोटो काढायला आधी विचारून घ्या, देवाची जागा आहे. आत अंधुक उजेड, ट्रायपॉड नाही, हातात धरून काढायचं. इथं छोट्यानं भाच्याला चकित केलं. आतलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) चांगलं आहे, श्वास रोखून १/८ ला सुद्धा फोटो स्थिर येतो, दगड काय हलत नाही, आयएसओ २०० वरच भागलं. घरी मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले तर कुठला कुठल्याचा हे मलाच दोनदा बघावं लागलं. देवळं, किल्ले, हलशीची शिल्पं, गोकाकचा धबधबा, जांबोटीचा घाट, असलं काही काढायचा नाद असेल तर छोट्यात काही कमी पडत नाही, मनापासून सांगतो.

तिसरी परीक्षा अंधार आणि हालचाल दोन्ही एकत्र, आणि इथंच खरा निवाडा. आपल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक डोळ्यासमोर आणा, रात्र, रंगीत दिवे फिरताहेत, लेझीमवाली पोरं उड्या मारताहेत, मधेच गुलाल. इथं शटर १/२५० च्या खाली आणता येत नाही, मग स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही, कारण हात नाही माणूस हलतंय. आयएसओ ६४०० ला जातो. मोठा ६४०० ला आरामात चालतो, चेहऱ्याची कातडी कातडीच दिसते. छोट्यात चेहरा मेणासारखा होतो कारण कॅमेरा दाणा पुसायला जातो आणि त्याबरोबर कातडीही पुसतो. आणि फोकस! ए७ मार्क ४ डोळा पकडतो आणि माणूस वळला, कोणी आडवं आलं तरी परत येऊन तोच डोळा धरतो, छोटा तिथं मागच्या दिव्यांवर जाऊन बसतो. मिरवणूक नसली तर घरातल्या लहान पोराला संध्याकाळी अंगणात पळवा, तीस फोटो काढा आणि किती डोळ्यावर फोकस झाले ते मोजा. आमच्या मोजणीत मोठ्याचे २७, छोट्याचे ११.

दुपारची परीक्षा लवकर उरकेल. राजहंसगडावर किंवा कुठंही उन्हात जा, आभाळ आणि तटाची सावली एकाच चौकटीत घ्या, नंतर रॉ मध्ये सावली दोन स्टॉप उचलून बघा. मोठा पुढं असणारच, पण थोडाच. एक मात्र छोट्याचं कौतुक करतो, त्यात पानासारखं उघडणारं शटर असतं आणि ते लेन्समध्येच बसवलेलं, त्यामुळं भर उन्हात त्याचा अंगचा फ्लॅश वेगवान शटरलाही जुळतो. मोठ्यात ते साधारण १/२५० ला अडकतं, पुढं जायचं तर हायस्पीड सिंकवाला वेगळा फ्लॅश लागतो. दुपारी बारा वाजता टोपीखाली काळा पडलेला चेहरा, चार फुटांवरून, छोटा तिथल्या तिथं उजळून देतो.

फोटो बघताना एक चूक सगळे करतात. एक ३३ मेगापिक्सेलचा, दुसरा २० चा, आणि दोन्ही शंभर टक्के झूम करून बघत बसतात. तसं नको. ज्या आकारात शेवटी बघणार त्याच आकारात बघा. लग्नाच्या अल्बमचं बारा बाय छत्तीसचं उघडं पान धरा, त्यातलं एका बाजूचं बारा बाय अठरा, तीनशे डीपीआयनं ५४०० गुणिले ३६०० पिक्सेल लागतात, आणि वीस मेगापिक्सेलचा फोटो ५४७२ गुणिले ३६४८ असतो. म्हणजे पुरतो, बरोबर मापात, फक्त नंतर कापाकापी करायला जागा उरत नाही. शंका असेल तर दोन फोटो खरोखर प्रिंट करून आणा, मागं पेन्सिलीनं खूण करा आणि घरच्यांना न सांगता विचारा कुठला बरा. माझ्या बायकोनं इरकलीचा मोठ्याचा ओळखला आणि बस्तीचा छोट्याचा निवडला.

आता वजन. हे कागदावर वाचून कळत नाही, किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. ए७ मार्क ४ बॅटरी-कार्डासकट ६५८ ग्रॅम, वर २४-१०५ ची लेन्स ६६३, झाले १३२१. छोटा ३०४ ग्रॅम, सगळं धरून. मोठा दिवसभर गळ्यात घालून फिरा, शेजारच्या गावच्या जत्रेला जाऊन या आणि रात्री मानेला विचारा. आणि हे सुद्धा नोंदवा की त्या आठवड्यात कुठला कॅमेरा किती वेळा घराबाहेर पडला.

पण पैसे घेऊन काम करणार असाल तर माझं मत पक्कं आहे, मोठाच. कारण फोटोचा दर्जा सोडून दुसरंही आहे. मोठ्यात दोन कार्डं बसतात, एकच फोटो दोन्हीवर लिहिला जातो. माझं एक कार्ड एकदा अक्षता पडायच्या वेळेला गेलं, मंगलाष्टकं चालू, स्क्रीनवर एरर, आणि दुसऱ्या कार्डावर सगळं शाबूत होतं म्हणून आज मी हे काम करालोय. छोट्यात एकच कार्ड. बॅटरीही तशीच, कंपनीच्या मोजणीत मोठा स्क्रीन वापरून ५८०, छोटा २३५. छोट्याला व्ह्यूफाइंडरही नाही, उन्हात स्क्रीनवर हात धरून बघावं लागतं. आणि आपला खानापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, मोठ्याला सांध्यात रबर वगैरे असतं (तरी तो वॉटरप्रूफ नव्हे, प्लास्टिकची पिशवी लागतेच), छोट्याची लेन्स आत-बाहेर होते आणि प्रत्येक वेळी ओलावा नि धूळ आत ओढते.

एक सावधगिरी. स्वस्तात मिळतो म्हणून १/२.३ इंच सेन्सरवाला जुना छोटा कॅमेरा घेऊ नका, त्याचा सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो, तुमच्या बऱ्यापैकी मोबाईलचा मेन कॅमेरा त्याच्या पुढं असतो. एक इंच किंवा त्याहून मोठा असेल तरच पैसे घाला.

सेकंडहँड बघायला गेलात तर छोट्याची झूम दहा वेळा आत-बाहेर करून कान लावून ऐका, करकर आली तर सोडून द्या. मग एफ ११ लावून मोकळ्या आभाळाचा एक फोटो, मोठा करून बघा, करडे गोल डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. मोठ्याची लेन्स काढून धूळ ब्लोअरनं उडवता येते, छोट्याचा सगळा कॅमेरा उघडावा लागतो. मी एकदा हे न बघता घेतला, घरी येऊन आभाळात चार डाग सापडले आणि दुरुस्तीला अर्ध्या किमतीचा खर्च सांगितला. मोठ्यात शटर किती वेळा उडालंय ते विचारा आणि लेन्सच्या माउंटवर ओरखडे आहेत का बघा.

भाच्यानं शेवटी छोटा घेतला. मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नात माझ्याबरोबर यायचंय त्याला, त्या दिवसापुरता एक मोठा आणि ८५ ची लेन्स भाड्यानं आणायचं ठरलंय. इरकल अजून पलंगावरच आहे, रोज संध्याकाळी तो तिचा लाल पकडायला बसतो.