जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना अडलं तर

"मामा, सगळं चढलं, पण वायफायचं चिन्हच येईना झालंय. काय करू सांगा."

गेल्या पावसाळ्यात जांबोटीकडच्या एका खेड्यातून भाचीचा फोन आला. नेट नाही, त्यामुळे नेटवर उत्तर शोधायचीही सोय नाही. दुकान म्हणजे खानापूर, नाहीतर थेट बेळगाव. बाहेर पाऊस तर थांबायचं नाव घेत नव्हता. तोवर तिने सगळं पुसून दोनदा नव्याने बसवून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा गाडी तिथेच अडली होती.

उसाच्या शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही म्हणून कोणी नवी विहीर खणत नाही. आधी मोटर बघायची, मग पाइप, मग पाटाच्या कडेने चालत जायचं आणि जिथे फुटलंय तिथे थांबायचं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, तिच्यातला बिघाडही असाच शोधावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहून ठेवा. हे वहीचं काम कंटाळवाणं वाटतं, पण माझे कितीतरी तास त्या वहीने वाचवले आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणं, संपला. तेव्हापासून चांगले चालणारे लॅपटॉप कपाटात जाऊ लागले, ते मला बघवत नाही. अशा यंत्रांसाठी मी लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवतो. तिला किमान २ जीबी रॅम लागते, पण ४ जीबी असेल तरच काम सुखाने होतं. तिचा आधार २०२९ पर्यंत आहे. प्रोसेसर मात्र ६४ बिटचा हवा. खालच्या आज्ञा मी उच्चाराने किंवा एकेक अक्षर सुटं करून लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत, मधल्या रेघा गाळून टाइप करायच्या. आज्ञेच्या दोन शब्दांमधली मोकळी जागा मात्र ठेवायची.

बसवण्याआधी

पहिलं काम फोटो, कागदपत्रं आणि हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेण्याचं. शहापुरातल्या एका विणकर कुटुंबाच्या संगणकावर मी घाईत "संपूर्ण डिस्क पुसा" हा पर्याय निवडला होता. डिस्कच्या दुसऱ्या भागात साड्यांच्या नक्षीच्या फायली होत्या, त्या सगळ्या गेल्या. त्या घरातल्या आजोबांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण ती गोष्ट आजही मनातून जात नाही. तेव्हापासून दुसऱ्याच्या यंत्राला हात लावण्याआधी मी एकच विचारतो: "नक्कल कुठे आहे, दाखवा."

मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते. सारख्या तुटणाऱ्या जोडणीवर ती अर्धवट किंवा खराब उतरते आणि मग बसवताना मध्येच विचित्र चुका दिसतात. म्हणून फाइलचा शा-२५६ ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा कोड, ताडून पाहा. तो ६४ अक्षरांचा असतो आणि मिंटच्या संकेतस्थळावर छापलेला असतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये "सर्ट-युटिल" ही आज्ञा तो काढून देते. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल पुन्हा उतरवा. त्यानंतर रुफस किंवा बलेनाएचर यांपैकी एक प्रोग्रॅम वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट केली तर त्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होत नाही.

विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून तिच्या डिस्कवर काही लिहिता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.

पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी डेल आणि लेनोव्होवर एफ-१२, एचपीवर एफ-९ आणि आसुसवर एस्केप ही कळ साधारणपणे चालते. एसरवरही एफ-१२ च, पण बऱ्याचदा बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ती आधी चालू करावी लागते.

मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू झालं की लगेच बसवायला घेऊ नका. दहा मिनिटं तसंच वापरा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमीजास्त होतो का, टचपॅड नीट चालतो का ते पाहा. इथे जे चालत नाही ते बसवल्यावर आपोआप चालेल असं धरून चालू नका. त्याचा इलाज आत्ताच शोधला तर बरं, कारण अजून काहीच पुसलेलं नसतं.

पडदा काळा, डिस्क गायब

मेनू दिसला आणि पुढे नुसता काळा पडदा आला तर बहुतेक वेळा दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, असतो, विशेषतः एनव्हिडियाचं कार्ड असेल तर. मेनूत ई ही कळ दाबा, "लिनक्स" या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतले "क्वाएट स्प्लॅश" हे शब्द काढून त्यांच्या जागी "नो-मोड-सेट" जोडून लिहा आणि एफ-१० दाबा. हा तात्पुरता टेकू आहे. बसवून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर घ्यायचा.

बसवताना डिस्कच दिसत नसेल तर टर्मिनलमध्ये "एल-एस-बी-एल-के" ही आज्ञा देऊन पाहा. तिथेही पेनड्राइव्हशिवाय काही नसेल तर बायोसमध्ये साठवणुकीची सेटिंग "रेड" किंवा "आरएसटी" वर आहे का बघा आणि ती एएचसीआयवर आणा. सावधान, विंडोज ठेवायचं असेल तर तिला आधी सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना देऊन मगच हा बदल करावा लागतो, नाहीतर ती सुरूच होत नाही.

डिस्क दिसते पण काम अर्ध्यावर अडकतं, असं असेल तर "डिस्क्स" हे साधन उघडून स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली, माहिती वाचा. "रिॲलोकेटेड" आणि "पेंडिंग" सेक्टरांचे आकडे शून्याहून जास्त असून वाढत असतील तर ती डिस्क मरायला टेकली आहे. तिच्यावर वेळ घालवू नका. एसएसडी बसवा. जुन्या लॅपटॉपवर केलेल्या खर्चात याच्याइतका फरक पाडणारा दुसरा खर्च मी पाहिलेला नाही.

पाटाच्या कडेने: नेटवर्क

आता भाचीच्या वायफायकडे वळू. फोनवर आम्ही एकेक टप्पा गाठत गेलो, तुम्हीही त्याच क्रमाने जा.

कार्ड यंत्राला दिसतं का? "एल-एस-पी-सी-आय" लिहून एक जागा सोडा, मग वजा चिन्ह आणि दोनदा एन. नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत चौकटी कंसात दोन भागांचा क्रमांक येतो. पहिला भाग बनवणाऱ्या कंपनीचा असतो: इंटेलचा ८०८६, रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. यूएसबीच्या वायफायसाठी "एल-एस-यू-एस-बी". भाचीने वाचून दाखवला तो क्रमांक १४ई४:४३६५ होता. ही ब्रॉडकॉमची बीसीएम-४३१४२ चिप. कोणालाही मदत मागाल तेव्हा लॅपटॉपच्या मॉडेलऐवजी हा क्रमांक सांगा, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं असू शकतात.

कार्ड बंद करून ठेवलेलं नाही ना? "आर-एफ-किल लिस्ट" ही आज्ञा द्या. सॉफ्ट ब्लॉकपुढे "यस" असेल तर "आर-एफ-किल अनब्लॉक ऑल" पुरतं. हार्ड ब्लॉकपुढे "यस" असेल तर आज्ञांचा उपयोग नाही. लॅपटॉपच्या कडेला छोटं बटण असतं किंवा वरच्या रांगेत अँटेनाचं चित्र असलेली कळ असते, ती दाबायची. एका ओळखीच्या मास्तरांचा लॅपटॉप दोन दिवस माझ्याकडे होता आणि दोष निघाला तो फक्त या बटणाचा.

ड्रायव्हर चढला का? "सुडो डी-एम-ई-एस-जी" दिल्यावर भराभर ओळी येतात. त्यांत "फर्मवेअर" शब्दापाशी "फेल्ड" दिसतं का ते शोधा. भाचीच्या कार्डाला वेगळा बंदिस्त ड्रायव्हर लागतो आणि तो आणायला नेट लागतं. इथे बरेचजण हात टेकतात. पण अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, की लिनक्सला तारेचं नेट मिळतं. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फक्त केबल नुसत्या चार्जिंगची नको. तिच्या घरी मोबाईलला रेंज फक्त माळ्यावरच्या खिडकीत, म्हणून लॅपटॉप तिथे नेला, ड्रायव्हर मॅनेजर उघडला आणि ब्रॉडकॉमपुढे खूण केली.

तरीही लागलं नाही. कारण पुढे होतं. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅम अडवणारी बायोसची सेटिंग, चालू असेल तर असा ड्रायव्हर बसवताना यंत्र एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुन्हा सुरू होताना निळा पडदा दाखवतं. तिथे दहा सेकंदांत कळ दाबून "एनरोल एमओके" निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा निसटला तर ड्रायव्हर बसलेला असूनही चढत नाही. भाचीने तो येऊन गेलेला पाहिला होता, पण काहीतरी बिघाड समजून तशीच थांबली होती. पुन्हा तोच टप्पा केला आणि वायफायचं चिन्ह आलं.

रिअलटेकची आरटीएल-८७२३-बीई चिप असेल तर दुखणं वेगळं असतं. वायफाय लागतं, पण राउटरपासून चार पावलं लांब गेलं की तुटतं. कार्डाला अँटेनाच्या दोन जागा असतात, तार एकालाच जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसरी धरून बसतो. "ईटीसी" मधल्या "मॉड-प्रोब-डॉट-डी" या फोल्डरात डॉट-कॉन्फ शेवट असलेली एक फाइल करा. तिच्यात "ऑप्शन्स", मग चिपचं नाव आर-टी-एल-८७२३-बी-ई, मग "ए-एन-टी" आणि "एस-ई-एल" मध्ये खालची रेघ देऊन जोडलेला शब्द, त्यापुढे बरोबरचं चिन्ह आणि २ अशी एकच ओळ लिहा. यंत्र पुन्हा सुरू करा. फरक नसेल तर २ च्या जागी १ करा.

शेजारच्यांची नावं दिसतात आणि आपलंच दिसत नाही? जुनी कार्डं बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतात, तेव्हा राउटरवर तो पट्टा चालू ठेवा. राउटर १२ किंवा १३ व्या चॅनेलवर गेला असेल तरी काही कार्डांना तो दिसत नाही. १, ६ किंवा ११ वर आणा.

जोडलंय असं दिसतं पण काही उघडत नाही, तेव्हा तीन वेळा विचारा. "आय-पी आर" दिल्यावर "डिफॉल्ट व्हाया" पुढे राउटरचा पत्ता दिसतो. आधी "पिंग" लिहून तो पत्ता द्या. उत्तर नसेल तर दोष घरातल्या घरातच, तुमच्या आणि राउटरच्या मध्ये आहे. उत्तर आलं तर ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग करा. इथे थांबलं तर बाहेरची लाइन गेली आहे, आता लॅपटॉपला छळू नका. आकड्याला उत्तर येतं पण संकेतस्थळाच्या नावाला येत नाही, असं असेल तर डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, दोष. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ हाताने भरा. पिंग थांबवायला कंट्रोल आणि सी.

वीज गेली तर

बॅटरी संपलेल्या लॅपटॉपवर पावसाळ्यात मिंट बसवायला घेऊ नका. घ्यायचंच असेल तर यूपीएसवर जोडून घ्या. मध्येच वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर "इनिट-रॅम-एफएस" असं येऊन थांबलं तर घाबरू नका, सगळं गेलेलं नसतं. वरच्या ओळींत कुठल्या भागाची तपासणी हवी ते लिहिलेलं असतं, समजा एसडीए-२. तेव्हा "एफ-एस-सी-के", एक जागा, वजा वाय, पुन्हा एक जागा आणि पुढे "/डेव्ह/एसडीए२" असं लिहून एंटर करा. तपासणी संपली की "एक्झिट". हेच आठवड्यात दोनदा झालं तर मात्र पुन्हा डिस्कची स्मार्ट माहिती बघा.

दर वेळी तारीख काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरची बटणासारखी सीआर-२०३२ बॅटरी संपली आहे. तारीख चुकलेली असताना सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत आणि माणूस उगाच वायफायला दोष देतो. घड्याळ नेमकं साडेपाच तासांनी चुकत असेल तर बॅटरी ठीक आहे. विंडोज यंत्रातलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, तर लिनक्स ते जागतिक वेळेवर धरतं, त्याचा हा फरक.

कळफलक

आपल्याकडच्या मुलांना मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करावं लागतं. शाळेचा निबंध मराठीत, अर्ज कन्नडमध्ये. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर "फॉन्ट्स-इंडिक" हा संच बसवा, या नावातली रेघ मात्र टाइप करायची. मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या पानावर सिस्टमचे मूळ पर्याय वापरण्याची खूण काढा आणि भारतीय यादीतून मराठी कागपा व कन्नड कागपा हे दोन्ही जोडा. उच्चाराप्रमाणे टाइप करायची ही मांडणी कन्नड गणक परिषदेच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्यात मराठीसाठीही जागा आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. इनस्क्रिप्टची सवय असेल तर तीही त्याच यादीत आहे.

त्याच पानावर भाषा बदलायची कळ ठरवा. ऑल्ट आणि शिफ्ट ही जोडी हाताला सोपी पडते. इंग्रजी यादीत पहिल्या जागी ठेवा, नाहीतर लॉगिनचा पासवर्ड देवनागरीत उमटतो आणि यंत्र आत घेत नाही.