कापड दोनदा धुतलंत? तरी घासून बघा

माझ्या पहिल्या 14 स्लिंग बॅगांपैकी 9 परत आल्या होत्या. शिलाई उसवली म्हणून नाही, झिप अडकली म्हणूनही नाही, तर बॅगांनी लोकांचे कपडे निळे केले म्हणून. अजूनही कुणी "ताई, कच्छवरून कापड आणलंय, बॅगा करायच्यात, कुठून सुरू करू" असं विचारलं की माझ्या पोटात गोळा येतो.

तुम्हाला अस्तर, झिप, पट्टा बसवता येतो असं धरून लिहितेय. येत नसेल तर आधी मांजरपाटाच्या पाच-सहा पिशव्या शिवा, हौसेच्या कापडाला कात्री लावू नका.

तर झालं असं, भुजजवळच्या अजरखपूरहून मी गडद निळं अजरख, म्हणजे ठशांचं कच्छी कापड आणलं, 8 मीटर. (2001 च्या भूकंपानंतर धमडक्याच्या खत्री कारागिरांनी वसवलेलं गाव, जाच एकदा.) हिरड्याच्या पाण्यात भिजवणं, ठसे मारणं, निळीत बुडवणं, परत परत धुणं, एवढ्या हातांखालून गेलेलं कापड, म्हटलं याचा रंग कसा जाईल. तरी शहाणपणा करून कापायच्या आधी दोनदा धुतलं, दुसऱ्यांदा पाणी अगदी स्वच्छ आलं, म्हणजे रंग पक्का. आणि पाडव्याच्या शोभायात्रेत मैत्रिणीच्या बहिणीने या अजरखची माझी बॅग पांढऱ्या कुर्त्यावर अडकवली. दुपारी व्हॉट्सॲपवर फोटो. कमरेपाशी तळहाताएवढा निळा डाग आणि खांद्यापासून तिरकी निळी रेघ, कारण पट्टाही मी हौसेने त्याच कापडाचा केला होता. त्यानंतर एकेक करून बाकीच्यांचे फोटो यायला लागले.

हे नीट समजून घ्या, मला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्यात रंग जाणं वेगळं आणि घासून रंग जाणं वेगळं. नीळ पाण्यात विरघळतच नाही. रंगाऱ्याच्या हौदात तिला विरघळणाऱ्या रूपात आणतात, कापड त्यात बुडवून बाहेर काढलं की हवा लागते आणि ती पुन्हा न विरघळणारी होऊन धाग्यात अडकून बसते. फक्त अडकून बसते, धाग्याशी घट्ट जोडली जात नाही. म्हणून बादलीतलं पाणी स्वच्छ दिसतं, पण वरवर बसलेले कण घासलं की निघतात, घाम असेल तर जास्तच. नवी जीन्स घालून पांढऱ्या सोफ्यावर बसल्यावर जे होतं तेच हे. ओढणी एका जागी घासत नाही हो, बॅग दिवसभर कमरेच्या त्याच चार बोटं जागेवर घासते!

मीठ, व्हिनेगर, तुरटी सगळं करून झालं. निळीवर यातलं काहीही चालत नाही, व्हिडिओत कुणी कितीही छातीठोक सांगू दे.

करायचं एवढंच, पांढऱ्या मलमलचा तुकडा बोटाला गुंडाळा आणि कापडावर कोरडा 20 वेळा घासा, मग ओला करून 20 वेळा. प्रत्येक तुकड्याला करा, "त्याच दुकानातलं आहे" म्हणून सोडू नका, आणि गडद लाल-काळ्यालाही करा. ओल्या मलमलवर नुसती झाक आली तर ते कापड बॅगेच्या पुढच्या बाजूला, दर्शनी भागात वापरा. अंगाला लागणारी मागची बाजू आणि पट्टा काळ्या कॅनव्हासचा. मलमल चक्क निळी झाली तर त्याची उशी करा, पाऊच करा, बॅग नाही. फायदा असा झाला की जिथे मीटरभरात 3 बॅगा बसायच्या तिथे आता 6 बसतात. पुढच्या खेपेला अजरखपूरला ही रडकथा सांगितली तर तिथले एक चाचा हसले, "बेन, ये तो ओढने का कपड़ा है, इसका झोला किसने बोला बनाने को?"

बाकी कापडांचं थोडक्यात. मश्रू म्हणजे वरून रेशीम, आतून सूत असं कापड, त्याच्या वरच्या अंगाला रेशमाचे लांब मोकळे धागे असतात, अंगठी किंवा किल्ली अडकली की ओढले जातात, रोजच्या बॅगेला नकोच. खण म्हणून हल्ली बाजारात पॉलिस्टरच फार, चार धागे काढून जाळा, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, कागद जळल्याचा वास आणि राख आली तर सुती. कर्नाटकात गुळेदगुड्डला जाऊन हातमागाचा घेतलात तर प्रश्नच नाही, पण पन्हा छोटा असतो, मापं आधी ठरवून जा. आणि जुनं लंबाणी (बंजारा बायकांचं) भरतकाम धड अवस्थेत असेल तर प्लीज कापू नका, फाटकेच तुकडे शोधा. यावर माझ्याशी वाद घालू नका.

आता मेंटॉर. 4,999 रुपये भरून मी एक ऑनलाइन कोर्स केला, त्यात "ब्रँडची गोष्ट कशी सांगावी" यावर तीन तास आणि सुईवर एक शब्द नाही. मला खरं शिकवलं आमच्या गल्लीतल्या दप्तरं शिवणाऱ्या काकांनी. 16 नंबरची सुई लाव, आणि पट्ट्याच्या जोडाला सहा पदर येतात तिथे मशीनखाली घालायच्या आधी लाकडी हातोडीने ठोकून चपटं कर, बस्स. फी म्हणून चहा. सामानही त्यांच्याबरोबरच पुण्यात बोहरी आळीत जाऊन घेतलं, एकटी गेले होते तेव्हा हलक्या रनरच्या झिपा गळ्यात पडल्या होत्या.

घाबरवायचं नाहीये मला. 9 बॅगांचे पैसे परत करूनही मी अजून हेच करतेय आणि महिन्याचा खर्च निघतो, थोडं उरतंही. पहिली 10 कापडं वाया जाणार आहेत असं धरूनच चाला, म्हणजे चौथ्याला रडू येणार नाही. मला दुसऱ्यालाच आलं होतं.

ती कुर्तावाली मुलगी अजून माझ्याकडूनच बॅगा घेते. फक्त दर वेळी पर्समधून पांढरा रुमाल काढते, ओला करते आणि माझ्यासमोरच घासून बघते.