स्लिप वजा म्हणजे काय?

आयटीआयला इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं संपली तेव्हा इंडक्शन मोटर मला तोंडपाठ होती. तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र किती वेगाने फिरतं? 120 गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले पोल. चार पोल, 50 हर्ट्झ, म्हणजे 1500 आरपीएम, मिनिटाला 1500 फेरे. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्याहून थोडा मागे राहतो, ती स्लिप. पुढे सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला लागलो. पहिल्याच आठवड्यात सिनिअर दादांनी विचारलं, “रोटर 1500 च्या पुढे गेला तर?”

“जाणारच नाही,” मी.

“मग वर एवढी पाती कशाला लावलीत?”

मोटरला बाहेरून ढकलून 1500 च्या पुढे नेलं की स्लिप वजा होते आणि तीच मोटर वीज घेण्याऐवजी देऊ लागते. एकाच वेगाने फिरणाऱ्या जुन्या पवनचक्क्यांचं सगळं गणित हेच. पाती मिनिटाला वीसेक फेरे मारतात, बाकीचा वेग गिअरबॉक्स वाढवतो. मात्र चुंबकीय क्षेत्र उभं करायला लागणारा करंट अशी मशीन ग्रिडकडूनच घेते. म्हणून लाइन गेली की वारा कितीही असो, मशीन थांबते. “चक्क्या दारात आणि आमच्याकडेच लाइट नाही, असं कसं?” हा प्रश्न, या कामाला आलात की, चहाच्या टपरीवर तुम्हालाही विचारतील, उत्तर तयार ठेवा.

थ्री-फेज पॉवरचं सूत्र (पॉवर = √3 × व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर) खऱ्या आकड्यांवर चालवून बघा. 2 मेगावॅट, 690 व्होल्ट, पॉवर फॅक्टर 1: करंट येतो साधारण 1673 अँपिअर. ट्रान्सफॉर्मरनंतर 33 केव्हीला, म्हणजे 33 हजार व्होल्टला, तोच 35. खाली मनगटाएवढ्या केबल आणि बाहेर बारीक तारा का, हे मला त्या दिवशी कळलं.

बाकी निम्मं काम ओहमच्या नियमाचं. एकदा जनरेटर बेअरिंग 96 डिग्री दाखवत होतं. मी ग्रीस घेऊन चढायला निघालो, दादा म्हणाले आधी मल्टिमीटर घे. तिथला तापमानाचा सेन्सर पीटी 100, म्हणजे शून्य डिग्रीला 100 ओहम आणि पुढे डिग्रीला साधारण 0.385. पॅनलकडे येणाऱ्या वायरवर 137 ओहम, म्हणजे तेच 96 डिग्री. टर्मिनल सोडवून थेट सेन्सरवर मोजलं तर 123, म्हणजे 60 डिग्री. टर्मिनलचा स्क्रू ढिला होता, जास्तीचे ओहम तिथले. ग्रीसचा डबा तसाच खाली आणला.

नव्या मशीनमधल्या कन्व्हर्टरची (एसीचं डीसी आणि पुन्हा एसी करणारा) थेअरी मात्र निवांत वाचा, घाईत नको. त्यातल्या डीसी लिंकचे, म्हणजे मधल्या डीसी भागाचे, कपॅसिटर ब्रेकर पाडल्यावरही चार्ज धरून असतात. मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचं, मग मीटर लावायचा. मीटरही आधी चालू सप्लायवर तपासायचा, आणि मोजून झाल्यावर पुन्हा एकदा.

मुलाखतीला जाताना सूत्रांच्या वहीपेक्षा एखाद्या स्टार-डेल्टा स्टार्टरचं (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणारा) कंट्रोल ड्रॉइंग घेऊन बसा. कुठला कॉन्टॅक्ट उघडा राहिला तर कॉइल उचलणार नाही, ते बोटाने दाखवता आलं पाहिजे. मला नेमकं तेच विचारलं होतं, आणि मी अडकलो होतो.