रान साफ करायला जुनी मशीन घेताय? आधी पिना हलवून बघा

कोकणात वडिलोपार्जित जमिनीत काजू-आंबा लावायचं ठरलं की पहिली गाठ पडते ती रानाशी. वीस-पंचवीस वर्षं तिकडे कुणी फिरकलेलं नसतं. करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, रानमोडी, मधूनच ऐन-किंजळीची झाडं आणि खाली जांभा. कोयता घेऊन येणारी माणसं आता मिळत नाहीत. मग जेसीबी बोलवायचा आणि तास मोजत बांधावर बसायचं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "एवढे पैसे घालवतोस, त्यापेक्षा जुनी मशीन घेऊन टाक ना!"

आमच्याकडे हे माझा चुलतभाऊ म्हणाला आणि त्यानेच घेतली. बॅकहो, म्हणजे आपण जेसीबी म्हणतो तीच, पुढे लोडर आणि मागे खोदायचा हात असलेली चाकांची मशीन. ताजा पिवळा रंग, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. कामाच्या तिसऱ्या दिवशी ऐनाचं खोड हलवताना मागच्या हाताला तडा गेला. रंगाचे पोपडे निघाले तेव्हा आतलं जुनं वेल्डिंग दिसलं, वर लांबी (पुट्टी) भरून घासून गुळगुळीत केलेलं. इंजिन मात्र शेवटपर्यंत उत्तम होतं. आम्ही सगळ्यांनी इंजिनच तर ऐकलं होतं.

१. मशीनच्या आधी सातबारा

इतर हक्कांच्या रकान्यात 'खाजगी वने', 'कलम ३५' किंवा वनसंज्ञेची नोंद असेल तर मशीनचा विचार तिथेच थांबवा आणि वकील गाठा. अशा जमिनीवर वनकायदे लागू होतात आणि मशीन जप्त होऊ शकते. नोंद नसली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमात अनुसूचित झाडांची यादी आहे: साग, खैर, ऐन, किंजळ, बिवळा, हिरडा, मोह, आंबा, फणस, जांभूळ वगैरे. आपल्या मालकीच्या जमिनीतलं असलं तरी यातलं झाड वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर २०१३ मध्ये हायकोर्टाने वृक्षतोडीवर बंदी घातली, तिथल्यांनी सध्याची स्थिती वनखात्यात जाऊन विचारावी.

ठेवायच्या झाडांना आधीच चुन्याचे पट्टे मारा. सगळ्यांत मोठं काढायचं खोड कुठलं तेही बघून ठेवा, कारण मशीन त्याच्या मापाने घ्यायची आहे.

२. घ्यायची की भाड्यानेच बोलवायची

हिशेब कागदावर मांडा. समजा बॅकहोचं भाडं तासाला १,२०० रुपये आहे. स्वतःची मशीन असली तरी तासाला पाच-सहा लिटर डिझेल आणि ऑपरेटरचा पगार मिळून सातशेच्या आसपास जाणारच. म्हणजे तासाला वाचले पाचशे. १२ लाखांची मशीन काम संपल्यावर ९ लाखांना गेली आणि मधल्या काळात दुरुस्तीला लाखभर लागले, तर ४ लाखांचा खड्डा भरायला ८०० तास काम हवं. आठ तासांचा दिवस धरला तर शंभर दिवस. तीन-चार एकरांच्या झुडपी रानाला याच्या जवळपासही तास लागत नाहीत. तेवढंच रान असेल तर भाड्याने बोलवा आणि पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. दोन-तीन भावकीतल्यांचं मिळून वीस-पंचवीस एकर असेल, पुढे चर, शेततळं, रस्ता अशी कामं असतील, तर गणित जमतं.

३. चाकं की चेन

बॅकहो सगळ्यांना आवडते कारण ती स्वतःच्या चाकांवर रस्त्याने येते, पुढच्या बकेटने झाडोरा ढकलते, मागच्या हाताने खोदते. सपाट किंवा मध्यम उताराचं झुडपी रान असेल तर तीच घ्या. पण लाल माती ओली झाली की उतारावर चाकं घसरतात, आणि मांडीपेक्षा जाड खोड उपटायला तिचा हात लावला की हाताची माती होते.

उतार आणि जाड खोडं असतील तर पोकलेन. हा शब्द मूळ एका फ्रेंच कंपनीच्या नावावरून आला, आता चेनवर चालणारं कुठलंही खोदयंत्र आपल्याकडे पोकलेनच. मॉडेलच्या आकड्यातला शेवटचा शून्य काढला की वजनाचा अंदाज येतो: ७० म्हणजे सात टनांची, २०० म्हणजे वीस टनांची. वीसटनी मशीन मोठं खोड मुळासकट सहज काढते, पण तासाला बारा-पंधरा लिटर डिझेल पिते आणि तिची रुंदी पावणेतीन मीटरच्या पुढे असते. तिला आणायला लो-बेड ट्रेलर लागतो. तुमच्या वाडीच्या वळणावर तो वळेल का? ओढ्यावरची मोरी तेवढं वजन पेलेल का? हे टेप घेऊन स्वतः चालत जाऊन बघा. सात टनांची मशीन दहाचाकी ट्रकवर येते, आणि माझ्या मते कोकणातल्या बहुतेक वाड्यांना तीच बरी.

बुलडोझर स्वस्त मिळाला तरी नको. तो झाडाबरोबर वरची वीतभर मातीही खरवडून नेतो, आणि जांभ्यावर मुळात तेवढीच माती असते.

४. मशीनचा पूर्वीचा धंदा विचारा

अवर मीटर, म्हणजे मशीन किती तास चालली ते दाखवणारा मीटर, बदलता येतो, म्हणून आकड्याला जोड शोधा. भाड्यावर फिरणारी मशीन वर्षाला सहज दीड हजार तास चालते. २०१७ ची मशीन चार हजार तास दाखवत असेल तर मालकाला कारण विचारा आणि पेडल बघा. त्यावरच्या रेघा झिजून लोखंड आरशासारखं चमकत असेल तर ते पेडल चार हजार तासांचं नाही.

तास कमी की जास्त यापेक्षा ते कशात गेले हे महत्त्वाचं. पाइपलाइनचे चर खोदलेली मशीन आठ हजार तासांनंतरही धडधाकट असते. खाणीत ब्रेकर (बकेटच्या जागी लावायचा दगडफोड्या हातोडा) लावून चाललेली पाच हजारांतच खिळखिळी होते, कारण दगड फोडताना बसणारा प्रत्येक हादरा मशीनच्या हातातून मागे सांध्यांतल्या पिनांपर्यंत जातो. ब्रेकर आता काढलेला असला तरी हाताच्या कडेने गेलेल्या जादा हायड्रॉलिक नळ्या किंवा त्यांच्या क्लॅम्पच्या खुणा सापडतात.

एप्रिल २०२१ पासून चाकांच्या यंत्रांना नवे उत्सर्जन निकष लागू झाले. त्यानंतरच्या मशीनमध्ये सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स जास्त असतं, बिघाड झाला की लॅपटॉपवाला माणूस लागतो. आडगावात काम असेल तर त्याआधीची साध्या डिझेल पंपाची मशीन तालुक्याचा मेकॅनिकही उघडू शकतो.

५. थंड इंजिनावर पोचा

सकाळी लवकर जा, आणि "मी येईपर्यंत चालू करू नका" असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पोचल्यावर आधी बॉनेटला लांबूनच हात धरून बघा. गरम असेल तर काहीतरी लपवायचं आहे. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी जातंय. चालू केल्यावर क्षणभर पांढरा धूर चालतो, निळा धूर राहत असेल तर ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. ते थडथडत उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

६. आता खरं काम: पिना आणि पाय

खोड उपटताना बकेट सरळ ओढत नाही. ऑपरेटर ती मुळाखाली घालून डावी-उजवीकडे मुरगळतो. हा आडवा ताण सांध्यांवर येतो, म्हणून रानातल्या कामासाठी मशीन घेताना सांध्यांना सगळ्यांत जास्त वेळ द्या.

बकेट जमिनीपासून वीतभर वर ठेवायला सांगा, इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात. बकेटच्या कडेला पहार लावून आडवं रेटा. 'टक' असा बारीक आवाज आणि दोन-तीन मिलिमीटर हालचाल ठीक, ती बुश (पिनेभोवतीची नळी) बदलून जाईल. बोटभर हलत असेल तर भोकंच अंडाकृती झालीत, बोअरिंग करून घ्यावं लागेल, तेवढी किंमत कमी करा. प्रत्येक सांध्यावर हेच करा. बॅकहोमध्ये मागचा हात जिथे वळतो तिथला उभा सांधा विसरू नका. सांध्याभोवती जुन्या काळ्या ग्रीसचा थर दिसला तर चांगलं, मशीनला रोज ग्रीस मिळत होतं. धुऊन लखलखीत केलेल्या सांध्यावर माझा विश्वास नाही.

मग खिशातलं छोटं लोहचुंबक काढा आणि बूम-हातावरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे खाली लांबी आहे. आमच्या भावकीला हे दहा-वीस रुपयांचं चुंबक दीड लाख उशिरा सुचलं.

पोकलेन असेल तर चेन, तिच्या आतले रोलर, टोकाचं मोकळं चाक म्हणजे आयडलर आणि चेन फिरवणारं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट बघा. चेनच्या मशीनच्या देखभालीतला निम्म्याच्या आसपास खर्च याच भागावर होतो. स्प्रॉकेटचे दात शार्कच्या दातासारखे टोकदार झाले असतील तर ते संपलंय. दोन्ही लिव्हर पूर्ण पुढे ढकलून सपाटीवर पन्नास फूट चालवा. मशीन एकीकडे ओढत असेल तर त्या बाजूची चेन चालवणारी ट्रॅव्हल मोटर दमलीय.

७. तासभर राबवा

थंड हायड्रॉलिक ऑइल घट्ट असतं, म्हणून झिजलेला हायड्रॉलिक पंपही सकाळी झोकात चालतो. तासभर सलग खोदायला लावा. ऑइल तापल्यावर हात मंदावला, भरलेली बकेट उचलताना कण्हायला लागला, तर पंप गेलाय, आणि सगळ्यांत महाग दुरुस्ती तीच. शेवटी भरलेली बकेट उंच उचलून इंजिन बंद करा. खाली कुणी उभं राहायचं नाही. दहा मिनिटांत वीतभर उतरली तर सिलेंडरची सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय.

८. कागद

बॅकहोला आरटीओची नोंदणी असते. आरसीवरचा चॅसी नंबर मशीनवर स्वतः वाचा. बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५, नाव बदलायला २९ आणि ३०. परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचा फॉर्म २८ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चेनच्या पोकलेनची आरटीओत सहसा नोंद नसते, म्हणून मूळ बिल आणि फायनान्सची एनओसी हाच मालकीचा पुरावा. "बिल हरवलं" म्हणणाऱ्याकडून मशीन कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

९. रानात उतरवण्याआधी

काचेपुढे जाड जाळी, पोटाखाली पत्रा आणि उघड्या नळ्यांवर आवरण वेल्डरकडून बसवून घ्या. जुन्या रस्त्याच्या मशीनला यातलं काहीच नसतं. सुका पाला रेडिएटरमध्ये आणि सायलेन्सरभोवती साचतो. मार्च-एप्रिलमध्ये पेट घ्यायला तेवढं पुरे, म्हणून दुपारी जेवायच्या सुट्टीत हवा मारायची आणि केबिनमध्ये अग्निशामक ठेवायचा. आग्या मोहोळ कुठल्या झाडावर आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा, मशीनच्या धक्क्याने ते उठतं आणि काचा बंद होईपर्यंत थांबत नाही.

व्यवहार ठरवण्याआधी जुन्या ऑपरेटरला चहाला न्या, मालकाला वगळून. किती तास, काय केलं, असं विचारू नका, तो मालकाचं मीठ खातो. "ही मशीन चालवताना काय सांभाळायला लागतं?" एवढंच विचारा. आम्ही दुसरी मशीन बघायला गेलो तेव्हा तिच्या ऑपरेटरने बशीत चहा ओतता ओतता सांगितलं, "डावीकडं फिरवताना जरा दमानं घ्या, गेल्या वर्षी पिन बदललीय तिथली." आम्ही परत जाऊन चुंबक डावीकडून लावलं, चिकटलं, आणि मग भाव करायला बसलो.