अकरावी-बारावीत 'डॉक्टर मंडळ' काढायचं असेल तर

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी ज्युनिअर कॉलेजला बायो शिकवते. दरवर्षी पीसीबीच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) वर्गात विचारलं की डॉक्टर कोणाला व्हायचंय, तर अर्ध्याहून जास्त हात वर. दवाखान्यात पेशंट म्हणून नव्हे, नुसतं बघायला कोण गेलंय असं विचारलं की सगळे हात खाली. तेवढ्यावरून मंडळ निघालं. मला नाव 'आरोग्य मंडळ' ठेवायचं होतं. पोरांनी 'डॉक्टर मंडळ' म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं.

तुमच्याकडे असं काही काढणार असाल तर एक गोष्ट आधीच ठरवा: इथे 'नीट'चा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास होणार नाही. तो क्लासमध्ये होतो, घरी होतो, मोबाईलवर होतो. एकदा का सराव परीक्षेचे मार्क मंडळात आले, की महिन्याभरात तो आणखी एक क्लास होतो आणि कमी मार्कवाली मुलं गुपचूप यायची बंद होतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं. चूक माझीच, प्रश्नपत्रिका मीच वाटल्या होत्या.

परवानगीसाठी प्राचार्यांना एक पानी अर्ज पुरतो. वार, वेळ, जबाबदार शिक्षक आणि खर्च, एवढंच लिहा. आमचा वार शनिवार, प्रॅक्टिकलची बॅच सुटल्यावर सव्वा तास. त्यानंतरची एसटी चुकली तर वाडीवरच्या मुलांना दोन तास स्टँडवर बसावं लागतं, म्हणून घड्याळ बघून संपवायचं. प्राचार्य एकच प्रश्न विचारतील, "निकालावर परिणाम नाही ना होणार?" त्याचं उत्तर तयार ठेवा. मी बारावीची मुलं दिवाळीनंतर मोकळी सोडते, हे अर्जातच लिहिलं होतं.

मुलं पंचवीसच्या वर नकोत. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव ही भानगड नको, निवडणुकीत दोन शनिवार जातात. एक वही लिहिणारा आणि एक कपाट सांभाळणारा, बास. कपाटात आमच्याकडे दोन स्टेथोस्कोप, डायलचं एक बीपीचं यंत्र, दोन थर्मामीटर, बँडेजच्या गुंडाळ्या आणि एक जुनी उशी आहे. उशीचं पुढे सांगते.

पहिला शनिवार नाडीचा ठेवा. काहीच सामान लागत नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं ठेवायची. अंगठा ठेवायचा नाही, त्यात आपलीच नाडी लागते आणि पोरं स्वतःचे ठोके मोजून मोकळी होतात. तीस सेकंद मोजून दुप्पट करायचं. मोठ्या माणसाचे बसल्या जागी साठ ते शंभर ठोके धरतात. मग सगळ्यांना जिन्याने दोन मजले चढवून परत मोजायला लावायचं. मागच्या वर्षी एका मुलाचे बसूनच एकशे आठ आले. वर्ग एकदम गप्प, त्याचा चेहरा पडलेला. विचारलं तर स्टँडवरून धावत आलेला. दहा मिनिटांनी ऐंशीवर. आकडा लिहिण्याआधी माणसाला विचारायचं, हे मी फळ्यावर लिहून शिकवलं असतं तर कोणाच्या लक्षात राहिलं नसतं.

बोकडाच्या हृदयाचा शनिवार पालकांना आधी कळवून ठेवा. ज्याला बघायचं नाही त्याने बाहेर बसावं, कारण विचारायचं नाही. खाटकाला आदल्या दिवशी सांगायचं की हृदय चिरू नको आणि वरच्या नळ्या लांब राहू दे. नाहीतर तो सवयीने वरचं सगळं कापून टाकतो आणि बघण्यासारखं उरतं काय? महाधमनीत नळाचं पाणी हळू सोडा. आत तीन पाकळ्यांची झडप मिटते आणि पाणी वर तुंबून राहतं. मग दोन्ही जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, चिरून भिंती बोटांत धरायला द्या, डावी किती जाड आहे ते हातालाच कळतं. पुस्तकातली आकृती पाठ असलेली मुलगी त्या दिवशी म्हणाली, "मॅडम, हे खरंच असं असतं?"

आता उशी. हृदय बंद पडल्यावर द्यायच्या छातीदाबाचा (सीपीआर) सराव तिच्यावर करायचा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, मोठ्या माणसाच्या छातीत पाच ते सहा सेंटीमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. जिवंत, धडधाकट मित्राच्या छातीवर सराव कोणी करायचा नाही, हे दोनदा सांगा, कारण करणारा एक असतोच. एक मुलगा उशी दाबत असताना दुसऱ्याने १०८ ला फोन केल्याचं नाटक करून पत्ता सांगायचा. हा भाग हसण्यावारी जातो, पण खरी गंमत तिथेच आहे. 'आमच्या घराजवळ' यापलीकडे पत्ता सांगता न येणारी मुलं निम्मी निघतात.

रक्तगट मात्र करू नका. मी केला होता. सुई टोचायला घरच्यांची लेखी संमती हवी, ती मी घेतली नव्हती, हा पहिला गुन्हा. दुसरा त्याहून मोठा. एका मुलाचा गट आम्ही एबी काढला. सोमवारी तो प्रयोगशाळेच्या दाराशी उभा. "मॅडम, बाबांच्या लायसन्सवर ओ लिहिलंय." वडील ओ असताना मुलगा एबी सहसा होत नाही, हे त्याला मीच आनुवंशिकतेच्या धड्यात शिकवलेलं. दोन दिवस तो घरात कोणाशी बोलला नव्हता. लॅबमध्ये नीट तपासलं तर बी. आमच्या पंख्याखाली स्लाइडवरचा थेंब सुकला होता आणि सुकलेल्या कडा आम्हाला गुठळ्या वाटल्या. तेव्हापासून मुलांचं रक्त मंडळात काढलं जात नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राची भेट ठरवताना वैद्यकीय अधिकाऱ्यांना आठ दिवस आधी पत्र द्या आणि एका वेळी सहाच मुलं न्या. ओपीडीची गर्दी टाळा, लसीकरणाचा दिवस बरा. जाण्याआधी एकच नियम: तिथे दिसलेल्या माणसाचं नाव आणि दुखणं गावात बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही. लहान गावात हा नियम पाळणं किती अवघड असतं ते मुलांना तिथे गेल्यावर कळतं, कारण रांगेत शेजारची काकू बसलेली असते. जखमेची पट्टी बदलताना कोणालातरी चक्कर येणारच. त्याला आडवं करून पाय वर ठेवा आणि नंतर त्यावरून कोणी चिडवत नाही ना, बघा.

पाहुणा म्हणून फक्त मोठे डॉक्टर बोलावू नका, ते प्रेरणा देऊन जातात. आमच्याकडे सगळ्यात रंगला तो सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांचा तास. रात्रपाळीत चहा किती वाजता मिळतो इथपासून सुरुवात झाली. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षातली आपली माजी विद्यार्थिनी आणि लॅब टेक्निशियन हेही चांगले.

पालकांची बैठक वर्षातून एकदाच घ्या, पण आकडे स्पष्ट मांडा. नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यात निम्मे बायोचे. चुकीला एक मार्क वजा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर ए‌क वर्ष इंटर्नशिप. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, लॅब यांचंही त्याच बैठकीत बोला. 'नाही जमलं तर' असा सूर लावून बोलू नका, पोरांना तो लगेच कळतो.

आमचा सगळ्यात उपयोगी शनिवार सर्पदंशाचा, तो पावसाच्या तोंडावर, भातलावणीआधी येतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस या चारांच्या विषावर चालते. चावलेली जागा कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही. तो हात किंवा पाय न हलवता थेट दवाखाना. आमच्याच जिल्ह्यांतली गोष्ट म्हणून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं सांगते. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण बघता बघता त्यांनी नोंदी ठेवल्या आणि १९८२ साली ते काम 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरून दाखवलं. हे सांगितल्यावर वही लिहिणाऱ्याला वहीची किंमत कळते. एकदा एक मुलगी म्हणाली, "आजी आधी मांत्रिकाकडेच नेणार." तिला आजीशी भांडू नको म्हटलं, रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेव. तिने कोळशाने लिहिला, चुलीशेजारी.

फेब्रुवारीत बारावीची मुलं बोर्डाला बसण्याआधी वही आणि कपाटाची चावी अकरावीच्या हातात द्यायला लावा, नाहीतर चावी कोणाच्या तरी दप्तरातून लातूरला क्लासला जाते. आमची एकदा गेली होती. जूनमध्ये कुलूप तोडावं लागलं.