टिन सल्फाइडच्या फिल्मसाठी प्रिकर्सर कसा घडवावा

टिनची दोन सल्फाइडं थरांची असतात. मोनोसल्फाइड काळपट असून त्याचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) सुमारे 1.3 इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, तर सोनेरी पिवळ्या डायसल्फाइडचा सुमारे 2.2. सौरघटासाठी पहिलं हवं असतं आणि भट्टीत दोन्ही एकदम तयार व्हायला बघतात. कोणतं पदरात पडेल, हे बऱ्याच अंशी फ्लास्कमध्येच ठरतं. म्हणून आधी प्रिकर्सरचा, म्हणजे तापवल्यावर ज्यापासून फिल्म बनते त्या रेणूचा, विचार करायचा आणि मगच भट्टीचं तापमान ठरवायचं.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी रुळलेल्या रासायनिक बाथ पद्धतीत धातू एका क्षारातून येतो आणि गंधक थायोॲसिटामाइड किंवा थायोयुरियातून. दोघांचा वेग जुळवणं हेच तिथलं कसब. सिंगल-सोर्स प्रिकर्सरमध्ये टिन आणि गंधक एकाच रेणूत आधीच बांधलेले असतात. गरम केल्यावर बाकीचा भाग वायू होऊन निघून गेला पाहिजे.

मोनोसल्फाइड हवं असेल तर टिन दोन संयुजेचंच घ्या. चार संयुजेच्या टिनपासूनही मोनोसल्फाइड मिळू शकतं, पण मग डायसल्फाइड आणि अधलंमधलं सेस्क्विसल्फाइड निस्तरत बसावं लागतं. टिनला थेट ऑक्सिजन जोडलेला नसावा. क्लोराइडही नको, कारण ते फिल्ममध्ये मागे राहतं.

खरा कस लागतो लिगँड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणूचा भाग, निवडताना. झँथेट हे गंधक असलेलं लिगँड स्वस्त असतं आणि लवकर तुटतं. रसायनशास्त्रज्ञ चुगाएव्हने 1899 मध्ये दाखवलेल्या विलोपनाने (रेणूतून लहान तुकडे सुटण्याने) अल्कीन आणि कार्बोनिल सल्फाइड निघून जातात आणि 200 °सेच्या आतच काम होतं. प्लॅस्टिकच्या पट्टीवर फिल्म हवी असेल तर झँथेटच बरं. मात्र जे भट्टीत लवकर तुटतं ते बाटलीतही टिकत नाही. डायथायोकार्बामेट या गंधकाच्याच दुसऱ्या लिगँडमध्ये नायट्रोजनची इलेक्ट्रॉन जोडी कार्बनकडे सरकते, त्या कार्बन-नायट्रोजन बंधाला अर्धवट दुहेरी रूप येतं आणि रेणू अधिक उष्णता सोसतो. काचेवर एरोसोल सीव्हीडी (प्रिकर्सरचं धुकं गरम काचेवर नेऊन फिल्म बसवणं) करणाऱ्याने सुरुवात डायएथिल डायथायोकार्बामेटपासून करावी, असं आमचं मत आहे. नायट्रोजनवर एक मिथाइल आणि एक हेक्झिल असा असमान जोड बसवला, तर रेणू नीट रचून बसत नाहीत आणि विद्राव्यता वाढते. रसायनशास्त्रज्ञ पॉल ओ'ब्रायन यांच्या गटाने जस्त आणि कॅडमियमसाठी ही युक्ती वापरली होती.

आता कृती. सगळं नायट्रोजनखाली आणि फ्यूम हूडमध्ये करा. मिथेनॉलमधून आधी अर्धा तास नायट्रोजन सोडून विरघळलेला ऑक्सिजन काढून टाका. 50 मिली मिथेनॉलमध्ये 4.51 ग्रॅम (20 मिलिमोल) सोडियम डायएथिल डायथायोकार्बामेट ट्रायहायड्रेट विरघळवून ते बर्फात ठेवा. वेगळ्या 20 मिली मिथेनॉलमध्ये 2.26 ग्रॅम (10 मिलिमोल) स्टॅनस क्लोराइड डायहायड्रेट घ्या आणि ते थेंबथेंब सोडा. पिवळा साका पडू लागतो. तासभर ढवळा, मग गाळा. पूर्ण उतारा 4.15 ग्रॅम असतो.

हेच पाण्यात का करू नये? स्टॅनस क्लोराइड पाण्यात गढूळ होतं. ते स्वच्छ ठेवायला हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं आणि आम्लात डायथायोकार्बामेट तुटून कार्बन डायसल्फाइड सुटतं. एक सावरायला जावं तर दुसरं बिघडतं.

साका मात्र ऑक्सिजन काढलेल्या गार पाण्याने तीन-चार वेळा धुवा, कारण त्यात अभिक्रियेत बनलेलं मीठ (सोडियम क्लोराइड) अडकलेलं असतं. धुवणीत सिल्व्हर नायट्रेटने पांढरा साका पडेनासा झाला की पुरे. इथे आळस केला तर पुढे फसगत ठरलेली. मिठाची मुख्य एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) रेषा 31.7 अंशांवर येते आणि टिन मोनोसल्फाइडची 31.5 ते 32 च्या दरम्यान. मिठालाच फिल्म समजून माणूस खूश होतो. नंतर खोलीच्याच तापमानाला रात्रभर व्हॅक्यूममध्ये सुकवा.

इन्फ्रारेड वर्णपटात 1480 ते 1500 प्रति सेंमीच्या आसपास कार्बन-नायट्रोजनची ठळक पट्टी दिसली पाहिजे. 990 जवळ एकच पट्टी असेल तर दोन्ही गंधक धातूला सारखेच धरून आहेत. ती दुभंगली असेल तर एक हात सैल आहे.

आता टीजीए, म्हणजे तापवत जाऊन वजन किती घटतं ते मोजणं. नायट्रोजनमध्ये मिनिटाला 10 °सेने तापवा. प्रिकर्सरचा रेणुभार 415.3 आणि मोनोसल्फाइडचा 150.8, म्हणजे 36.3 टक्के अवशेष उरायला हवा. डायसल्फाइड उरलं तर 44.0. फार कमी उरलं तर रेणू तुटण्याआधीच उडतो आहे. बाष्पाने फिल्म करायची असेल तर हा गुणच, पण स्पिन कोटिंगला (द्रावण फिरत्या काचेवर पसरवण्याला) मारक. जास्त उरलं तर कार्बनला दोष देण्याआधी मीठ तपासा. फक्त 5 टक्के मीठही आकडा 39.5 वर नेतं.

सगळ्यात मोठा चकवा पुढे आहे. टिन डायऑक्साइडचा रेणुभार 150.7. म्हणजे हवा शिरून सगळं ऑक्साइड झालं तरी अवशेष 36.3 टक्केच! नुसत्या टीजीएवर विसंबून प्रिकर्सर उत्तम आहे असं कधीच म्हणू नका. क्रुसिबल उघडून पाहा. मोनोसल्फाइड करडं-काळं असतं, ऑक्साइड पांढरट. तोच अवशेष एक्सआरडीला लावा. 26.6 आणि 33.9 अंशांवर रेषा आल्या तर ते ऑक्साइड.

फिल्मसाठी 0.415 ग्रॅम प्रिकर्सर 20 मिली सुक्या टॉल्युईनमध्ये घ्या. क्लोरोफॉर्म टाळा. दोन तोंडांचा फ्लास्क अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरच्या पाण्यात ठेवला की धुकं उठतं. मिनिटाला 150 ते 200 मिली आर्गॉनने ते नळीभट्टीत न्या. पहिला प्रयोग 400 °सेला करा, मग 25-25 अंशांनी खालीवर. बाहेर पडणारा वायू रिकाम्या सुरक्षा बाटलीतून आणि मग सोडियम हायड्रॉक्साइडच्या बबलरमधून काढा. त्यात हायड्रोजन सल्फाइड आणि डोळ्यांना झोंबणारं आयसोथायोसायनेट असू शकतं.

फिल्म बोटाने पुसली जाणारी भुकटी झाली, तर प्रिकर्सर काचेवर पोचण्याआधी वायूतच तुटला. तापमान उतरवा किंवा प्रवाह वाढवा. पापुद्रे सुटले तर आधी काचेची सफाई पाहा. तोंडाकडची पट्टी पिवळी आणि मधली काळी आली, तर नळीत तापमान सारखं नाही. नुसती थर्मोकपल सरकवत जाऊन दर 2 सेंमीला मोजा. रामन वर्णपटात 314 प्रति सेंमीजवळ टोकदार शिखर उठलं तर डायसल्फाइड आहेच. अशा वेळी भट्टीकडे वळण्याआधी बाटली तपासा. आत हवा गेली की दोन संयुजेचं टिन चारचं होतं. म्हणून प्रिकर्सर आर्गॉनखाली, फ्रिजमध्ये आणि लहान कुप्यांत वाटून ठेवा, म्हणजे एका प्रयोगासाठी एकच कुपी उघडावी लागेल.